चोवीस व्होल्टची आग

फेब्रुवारी २०२३मध्ये बेस्टने भाडेतत्त्वावरच्या ४०० सीएनजी बस एका झटक्यात रस्त्यावरून काढल्या. २२ तारखेला अंधेरी स्टेशनजवळ एक बस पेटली होती आणि महिनाभरात पेटलेली ती तिसरी. सीएनजी म्हटलं की लोकांचं बोट आधी गॅसकडे जातं. पण बसच्या आगीत गॅस बहुतेक वेळा नंतर येतो. सिलिंडरवरचा सेफ्टी प्लग सुमारे ११० अंशांना वितळतो आणि गॅस बाहेर सोडतो, म्हणजे तोवर दुसरं काहीतरी चांगलंच तापलेलं असतं. ते दुसरं काहीतरी शोधायचं तर बसच्या चोवीस व्होल्टच्या वायरिंगपासून सुरुवात करावी.

चोवीस व्होल्टला शॉक लागत नाही म्हणून त्याला कुणी घाबरत नाही. शॉक ठरतो व्होल्टेजवर, उष्णता ठरते करंटवर. बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या की पूर्ण शॉर्टमध्ये त्या हजार अँपियरच्या वर सहज ओततात. व्होल्टेज विसावर घसरलं तरी २० किलोवॅट होतात, आणि तेही एका नखाएवढ्या जागेत.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे सेल्फची केबल. बॅटरी बॉक्स बाजूला आणि इंजिन मागे, म्हणून साधारण ७० चौरस मिलिमीटरची ही जाड केबल काही मीटर चासीच्या कडेने धावते. सेल्फ मारताना शेकडो अँपियर लागतात, त्यामुळे बऱ्याच बसमध्ये या केबलला फ्यूजच नसतो. चावी बंद केली तरी ती जिवंतच राहते, थेट कट-ऑफ स्विच पाडेपर्यंत. क्रॉस मेंबरच्या, म्हणजे चासीच्या आडव्या पट्टीच्या, भोकातून जाताना ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं) निसटलेला असेल किंवा क्लॅम्पचा बोल्ट ढिला झाला असेल, तर केबल दर खड्ड्याला पत्र्यावर घासत राहते. अल्टरनेटरच्या पॉझिटिव्ह केबलचंही तेच.

हे तपासताना वरून टॉर्च मारून 'ओके' लिहिणं म्हणजे निव्वळ थातूरमातूर काम. कट-ऑफ पाडा, बॅटरीची निगेटिव्ह सोडवा, मग एकेक क्लॅम्प उघडा. केबलवरचं काळं नालीदार कंड्युट, म्हणजे संरक्षक नळी, फसवं असतं, बाहेरून धडधाकट दिसतं. आत धूळ आणि चिखल शिरला की तोच पॉलिश पेपरसारखा इन्सुलेशन खातो. कंड्युट सरकवा, केबलची पत्र्याकडची बाजू आरशात बघा, बोट फिरवा. एखाद्या जागी कंड्युट गुळगुळीत, चकाकतं झालेलं दिसलं तर तिथेच थांबून आतली केबल बघा. तांबं दिसलं किंवा इन्सुलेशन निम्म्यावर आलं असेल तर केबल बदला. टेप लावू नका. इंजिनच्या उष्णतेने टेपचा गोंद पातळ होतो आणि पहिल्या पावसात ती सुटून लोंबकळते. परत बसवताना रबर लावलेला क्लॅम्प साधारण दर ३० सेंटिमीटरला हवा, प्रत्येक भोकात ग्रोमेट हवा आणि सायलेन्सर-टर्बोपासून किमान वीतभर अंतर हवं. तेवढी जागा नसेल तर मध्ये हीट शील्ड घाला. गॅसच्या किंवा डिझेलच्या पाइपला मात्र त्याच क्लॅम्पमध्ये कधीही बांधू नका. जागा वाचते म्हणून हे सर्रास होतं.

दुसरा प्रकार शॉर्टपेक्षा लबाड असतो. थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं टोक, नीट दाबलेलं नसतं, किंवा नट ढिला असतो, किंवा अर्थच्या जोडाखाली रंग राहून गेलेला असतो. अल्टरनेटरमधून १५० अँपियर चालू आहेत आणि जोडाचा रोध फक्त ०.०२ ओहम आहे असं धरा. त्या एका जोडावर ४५० वॅट उष्णता तयार होते. करंट नेहमीचाच असल्याने फ्यूज उडत नाही. इथे टेस्ट लॅम्प उपयोगाचा नाही, कारण दिवा झकास पेटतो. मीटर मिलिव्होल्टवर लावा, एसीचे ब्लोअर, हेडलाइट, बोर्ड सगळं चालू करा आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना प्रोब ठेवा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप, म्हणजे व्होल्टेजची घट, दिसला तर तो जोड उघडायचा. तांब्यावर निळसर-काळी झाक किंवा थिंबलच्या गळ्याशी वितळलेलं प्लास्टिक सापडेल.

तिसरी कटकट कारखान्याबाहेरची. चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची, त्यावर कॅमेरे, ट्रॅकर, एलईडी बोर्ड, मोबाइल चार्जर लावणारे तिसरेच. यातली निम्मी लाइन थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून घेतलेली सापडते, म्हणजे कट-ऑफ पाडूनही ती चालूच. शिवाय ५ अँपियरच्या फ्यूजच्या जागी ३०चा, कधी चक्क तार. नियम साधा आहे: फ्यूज उगमाशी, बॅटरीपासून वीतभराच्या आत, आणि वायरच्या जाडीला शोभेल एवढाच.

आता रिकॉल, म्हणजे सदोष वाहनं कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावणं. मोटार वाहन कायद्यातलं कलम ११०अ आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू आहेत. ७ वर्षांच्या आतल्या वाहनांना ते लागतात, आणि बससाठी तक्रारींचा उंबरठा वार्षिक विक्रीच्या ३ टक्के आहे. सक्तीने परत बोलवावं लागलं तर कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण तक्रार वाहनमालकाने करायची असते, आणि भाडेतत्त्वावरच्या बसचा मालक ठेकेदार असतो. बस उभी राहिली की ठेकेदाराचे किलोमीटर बुडतात. तक्रारी कमी का येतात, हे वेगळं सांगायला नको. ब्रिटनमध्ये २०२४ साली १,७००हून जास्त इलेक्ट्रिक बस परत बोलावल्या गेल्या. तिथे दोष वातानुकूलन यंत्रणेत होता आणि त्यातून आग लागण्याची भीती होती. मोठ्या बॅटरीकडे सगळे डोळे लावून बसलेले असताना घोळ भलत्याच डब्यात निघतो, त्याचा हा बरा नमुना.

रिकॉलचं काम डेपोत करताना कोणत्या बस घ्यायच्या याला चासी नंबरची यादी हाच आधार, गाडीचा आरटीओ नंबर नव्हे. एकाच दिवशी पासिंग झालेल्या दोन बसमध्ये वेगवेगळा हार्नेस (वायरींचा जुडगा) असू शकतो. वेळेचा हिशेब आधी करा: समजा एका बसला दोन माणसं दोन तास, तर ४०० बसना १,६०० मनुष्यतास. गाड्या रात्री आठ तास हाती असतील आणि आठ माणसं असतील तर २५ रात्री, सुटे भाग वेळेवर आले तर. तोवर यादीतल्या बस गर्दीच्या मार्गांवरून काढाव्यात, आणि रात्री उभ्या करताना कट-ऑफ पाडून दोन बसमध्ये मोकळी जागा सोडावी. एक पेटली तर शेजारची वाचते.

इलेक्ट्रिक बस असेल तर क्रम बदलतो. मोठ्या बॅटरीच्या, जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावण्याआधी चोवीसचा कट-ऑफ, मग त्या बॅटरीचं सर्किट तोडणारा सर्व्हिस प्लग काढणं, मग कंपनीने सांगितलेली मिनिटं थांबणं, मग १,००० व्होल्टच्या हातमोज्यांनिशी मीटरवर शून्य बघणं. इन्सुलेशन मोजताना ६०० व्होल्टच्या पॅकला ५०० ओहम प्रति व्होल्टच्या हिशेबाने ३ लाख ओहम ही खालची मर्यादा. धुलाईनंतर आकडा पडत असेल तर कनेक्टरमध्ये पाणी शिरतंय.

चालकाला मात्र लांबलचक परिपत्रक नको. जळका वास आला किंवा बोर्डावरचे दिवे लुकलुकले तर बस बाजूला, दारं उघडी, माणसं खाली, मग कट-ऑफ. इंजिनच्या कप्प्यातली स्वयंचलित यंत्रणा आग विझवते, पण करंट चालू राहिला तर तीच जागा पुन्हा पेट घेते. इंजिनचं झाकण सताड उघडू नये, आत हवा जाते.

काम झालेल्या बसवर स्टिकर लावून फाइल बंद करायची घाई नको. नव्या थिंबलमध्ये तांब्याच्या तारा दाबून बसतात आणि नटाचा ताण थोडा उतरतो. पंधरा दिवसांनी टॉर्क रेंच पुन्हा लावा, ड्रॉप पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकडे त्या चासी नंबरासमोर लिहा.