वारा पडला की आमचं टेन्शन वाढतं

चिलीतल्या अटाकामा वाळवंटात, सेरो पारानालवर दुर्बिणींचं काम करतो म्हटलं की घरचे हमखास विचारतात, तिथलं आकाश एवढं स्वच्छ असतं तर तुम्ही रात्रभर जागून करता काय? अहो, आकाश स्वच्छ असलं तरी वरची हवा सारखी हलत असते ना, गरम-थंड हवेच्या भोवऱ्यांतून प्रकाश येतो म्हणून तारा लुकलुकतो आणि ८.२ मीटरचा आरसा असूनही फोटो पुसट येतो. ती हवा मोजून वाटेतल्या एका पातळ आरशाचाच आकार बदलत राहायचा, हे झालं अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्स. होरेस बॅबकॉकने ही कल्पना १९५३ मध्येच मांडली होती, तेवढा फास्ट कॉम्प्युटर मात्र तेव्हा कुठून आणणार.

इथल्या येपुन दुर्बिणीचा दुय्यम आरसा १.१ मीटर रुंद आणि जेमतेम २ मिलिमीटर जाड आहे, मागे त्याला ढकलणारे-ओढणारे ११७० अ‍ॅक्च्युएटर, सेकंदाला हजारेक वेळा तो आकार बदलतो!! बघूनही विश्वास बसत नाही.

पण खरं सांगू, हवा खराब असली तर एकवेळ चालतं, ती भराभर बदलायला लागली की वाट लागते. मोजमाप, गणित, आरसा हलवणं यात एक-दोन मिलिसेकंद जातात, वर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, जोरात असेल तर तेवढ्यात हवा पुढे गेलेली असते आणि आपण दुरुस्त करतोय मघाची हवा. मग गेन, म्हणजे दर वेळी किती जोरात दुरुस्त करायचं ते, वाढवावा तर आरसा थरथरायला लागतो, कमी करावा तर मागे पडतो, आणि तारा मंद असेल तर या मोजा-दुरुस्त करा लूपचा स्पीडच उतरवावा लागतो कारण मोजायला प्रकाशच पुरत नाही.

आणि वारा अगदीच पडला तर? ते अजून वाईट. दुय्यम आरसा धरणाऱ्या पट्ट्या रात्री आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षा गार होतात, वारा नसला की त्यांच्यालगतची हवाही गार होऊन तिथेच साचते, आणि पट्टीच्या दोन बाजूंचा प्रकाश पुढे-मागे होतो. हवा मोजणाऱ्या आमच्या सेन्सरला दोन बाजूंमधली ही तफावत नीट दिसतच नाही, स्क्रीनवर सगळं छान आणि फोटोत मात्र ताऱ्याला कान फुटलेले, त्याला इथे मिकी माउस इफेक्टच म्हणतात. इथल्याच मेलिपाल दुर्बिणीच्या पट्ट्यांवर २०१७ मध्ये खास कोटिंग केल्यापासून हे बरंच कमी झालंय पण पूर्ण गेलेलं नाही, त्यामुळे वाऱ्याचा आकडा उतरायला लागला की नाजूक ऑब्झर्वेशन मागे ठेवून आधी ज्याला चालेल ते घ्यायचं.