गाडी घाटात ओढत नाही? इंजिन खोलायच्या आधी हे तपासा

चाळीसगाव सोडून कन्नड घाटाला लागलं, की जुन्या गाडीचं खरं रूप कळतं. सपाटीवर साठच्या वेगात गुपचूप चालणारी मारुती 800 किंवा ओम्नी तिसऱ्या गिअरवर दमते, दुसरा टाकला तरी जोर येत नाही. मग गॅरेजवर ‘काय व्हयनं?’ म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: गाडी ओढत नाही. आणि काम सुरू होतं प्लग बदलण्यापासून.

या एका तक्रारीमागे तीन वेगळे बिघाड असू शकतात. इंजिन ताकदच तयार करत नसेल. किंवा ताकद तयार होते, पण क्लच ती पुढे जाऊ देत नाही. किंवा ती चाकापर्यंत पोचते आणि अडकलेले ब्रेक ती खाऊन टाकतात. यातलं कुठलं, हे पैसे न खर्च करता अर्ध्या तासात ठरवता येतं. ते न ठरवता पार्ट बदलत गेलं, की पाच-सात हजार जातात आणि गाडी तशीच राहते.

पहिली परीक्षा कानाची आहे. चढावर अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज वर चढतोय आणि वेगाचा काटा जागेवरच आहे, तर क्लच. आवाजच चढत नाही, इंजिन गुरगुरत दबून राहतंय, तर इंजिन किंवा ब्रेक.

ब्रेकचा निकाल लगेच लावून टाका. मोकळ्या रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर ब्रेक शक्यतो न वापरता चालवा, न्यूट्रल करा आणि गाडी आपोआप थांबू द्या. मोकळी गाडी लांबवर घरंगळते, अडकलेली लगेच थांबते. उतरून चारही चाकांच्या रिमच्या मध्यावर पाण्याचे थेंब टाका. एका चाकावर पाणी चर्र करून उडालं आणि बाकीच्यांवर नुसतं ओघळलं, तर दोष तिथेच आहे. पुढचं चाक असेल तर बहुधा कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना गंजलेल्या असतात, मागचं असेल तर हँडब्रेकची वायर. हात लावून बघू नका, ड्रम भाजतो.

क्लचसाठी सपाट जागेवर हँडब्रेक पूर्ण ओढा, समोर माणूस उभा ठेवू नका. इंजिन चालू करून तिसरा गिअर टाका, थोडा अॅक्सिलरेटर देऊन क्लच हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन धक्का देऊन बंद पडतं. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. ही चाचणी एकदाच करायची, तीही दोन-तीन सेकंद, नाहीतर उरलीसुरली प्लेट तिथेच जळते.

घसरतेय म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवू नका. आधी पेडलची मोकळी चाल बघा. पेडल हाताने दाबलं की पहिले साधारण दोन सेंटिमीटर ते सैल जायला हवं. ते सैलपण संपलं असेल तर वायर ताणलेली आहे आणि रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला कायम रेटत राहतं. वायरचं नट फिरवून घसरण थांबली, तर काम फुकटात झालं. तरीही घसरत असेल तर गाडीखाली झोपून गिअरबॉक्स आणि इंजिनच्या सांध्याला तळाशी बोट लावा. काळं, पातळ तेल म्हणजे क्रँकचं मागचं सील. घट्ट आणि उग्र गंधकासारखा वास येणारं तेल म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. सील न बदलता नुसती प्लेट टाकली, तर तीही तेलकट होणार. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच द्यायची असते, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे दिसले तर ते खरादेवर दाखवून घ्या.

आता इंजिन. इथे घाई सगळ्यात महाग पडते.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीने करा. एकाला पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि बॉनेट उघडून थ्रॉटलची पाटी (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडते का, ते स्वतः बघा. पेडलखाली जाड मॅट घुसलेली असते, वायर सैल झालेली असते, पाटी पाऊणच उघडते, आणि लोक कार्बोरेटर बदलून आलेले असतात. मग एअर फिल्टर. कपाशीच्या आणि केळीच्या शेतरस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीला पुस्तकातला अंतराचा हिशोब लागू पडत नाही. काळ्या मातीची बारीक धूळ फिल्टर फार लवकर भरते.

तीन सिलिंडरच्या 796 सीसी इंजिनात एक सिलिंडर गेला तर तिसरा हिस्सा ताकद गेली. कुठला गेला ते शोधायला, कार्बोरेटरच्या गाडीत इंजिन आयडलवर ठेवून रबरी मुठीच्या पकडीने प्लगची एकेक वायर क्षणभर काढा. वायर काढल्यावर इंजिन अडखळलं, थरथरलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर रोगी तोच. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत असं करू नका. मोकळ्या वायरमुळे कॉइलवर ताण येतो, त्यापेक्षा इंजेक्टरचं सॉकेट एकेक करून काढा.

नंतर प्लग काढून उन्हात धरा. टोकाभोवतीचं चिनीमातीचं नाक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. मखमलीसारखी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त: चोक अडकलाय, फिल्टर तुंबलाय किंवा फ्लोट चढलाय. ओलं, चकचकीत, बोटाला चिकटणारं काळं म्हणजे तेल वर येतंय. पांढरंफेक, टोकाला बारीक दाणे जमलेलं नाक म्हणजे मिश्रण हलकं (हवा जास्त, पेट्रोल कमी) किंवा ठिणगीचं टायमिंग जास्त पुढे. या शेवटच्या खुणेकडे दुर्लक्ष केलं तर पिस्टन वितळतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या कार्बोरेटरचे जेट निव्वळ पेट्रोलच्या हिशोबाने कापलेले, त्यामुळे मिश्रण थोडं हलकंच पडतं. शिवाय इथेनॉलने जुने रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा फुगतो, मऊ पडतो. पाइप बोटांनी दाबून बघा. लिबलिबीत वाटला किंवा वाकवल्यावर चिरा दिसल्या तर त्याच दिवशी बदला.

प्लगने भागलं नाही तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब मोजा. ही चाचणी करणारे बरेच आहेत, नीट करणारे कमी. इंजिन गरम हवं, तिन्ही प्लग काढलेले, कॉइलची वायर काढून अर्थ केलेली, एमपीएफआय असेल तर पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. अॅक्सिलरेटर दाबायचं राहिलं तर चांगलं इंजिनही कमी आकडा दाखवतं आणि मालकाला विनाकारण फुल इंजिनचा खर्च सांगितला जातो. तिन्ही आकडे 150 ते 180 पीएसआयच्या दरम्यान आणि एकमेकांच्या जवळ असतील तर खालचं इंजिन सोडून द्या, दोष दुसरीकडे शोधा. समजा 165, 160 आणि 95 आले. मग 95 वाल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या छिद्रातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल टाका आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला चढला तर पिस्टनच्या रिंगा. हललाच नाही तर व्हॉल्व. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट.

गॅसवर चालणाऱ्या ओम्नीबद्दल वेगळं सांगायला हवं. गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्वची सीट झिजते, व्हॉल्व वर सरकत जातो आणि टॅपेटची फट (व्हॉल्व आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली) हळूहळू संपते. फट संपली की टॅपेटचा आवाज बंद होतो आणि मालक खूश होतो. पण गरम झाल्यावर तो व्हॉल्व पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि शेवटी व्हॉल्वची कड जळते. जुन्या इंजिनाचे टॅपेट थोडे वाजलेले चांगले. अशा गाडीचा रिंगांवर खर्च करण्याआधी फीलर गेजने फट मोजून घ्या.

धुराचा रंग बघायलाही घाट चांगला. गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर सोडून उतरत या आणि खाली सपाटीला लागताच पेडल दाबा. मागच्या गाडीतल्याला सांगून ठेवा. त्या क्षणी निळ्या धुराचा लोट आला आणि मग थांबला तर व्हॉल्व सील, म्हणजे तुलनेने छोटं काम. चढताना जोर दिला की सतत निळा धूर येत असेल तर रिंगा.

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 वर गेला की आणखी एक प्रकार होतो. कार्बोरेटरची गाडी हायवेवर नीट चालते, रेल्वे फाटकावर पाच मिनिटं थांबली की बंद पडते. पेट्रोल पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ धरलेली असते. पंपावर ओलं फडकं ठेवलं आणि चालू झाली, तर निदान पक्कं. पाइप एक्झॉस्टपासून लांब बांधा, त्यावर उष्णतारोधक वेष्टन चढवा. कार्बोरेटर खोलू नका.

गाडी तापून ओढ कमी होत असेल तर रेडिएटरमध्ये कुठलं पाणी जातंय ते विचारा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. माठाला आणि गिझरच्या कॉइलला जे पांढरं चढतं, तेच रेडिएटरच्या नळ्यांत चढतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं वापरा. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत मात्र मला अजिबात पटत नाही. मूळ दोष झाकला जातो आणि हिवाळ्यात इंजिन थंड चालून रिंगा झिजतात. हेड गॅस्केटचा संशय असेल तर पूर्ण थंड इंजिनावर झाकण काढा, चालू करा आणि पाण्यात बघा. एका लयीत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला जळका गॅस पाण्यात येतोय.

गिअरबॉक्सच्या बाबतीत आवाज कधी येतो, यावर सगळं अवलंबून. न्यूट्रलला क्लच सोडल्यावर घरघर आणि दाबल्यावर शांत, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट, दाबल्यावरच आवाज, तर रिलीज बेअरिंग. ओम्नीत चौथा गिअर थेट असतो, म्हणून पहिल्या तिन्हींत घरघर आणि चौथ्यात शांतता असेल तर काउंटर शाफ्टची बेअरिंगं. मारुती 800 वळताना कटकट वाजत असेल तर तो गिअरबॉक्सच नव्हे, बाहेरचा सीव्ही जॉइंट आहे.

गिअर पडताना खरखरतात? इंजिन आयडलवर ठेवा, क्लच दाबून चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरी खरखरला तर क्लच पूर्ण सुटत नाही. रिव्हर्स साफ पडतो आणि फक्त दुसराच कुरकुरतो, तर त्याची सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणारी पितळी कडी. इंजिन बंद असतानाही गिअर जड जात असतील तर लिंकेजचे बुश तपासा. गिअर उडत असेल तर आधी इंजिन माउंटिंग. तुटलेल्या माउंटिंगवर इंजिन झटक्याला हलतं आणि गिअर ओढून काढतं. त्यासाठी गिअरबॉक्स खोलल्याचे प्रकार फार होतात.

गिअर ऑइल बदलताना भरायचा बोल्ट आधी सैल करून घ्या, मगच खालचा सोडा. वरचा जाम निघाला आणि तेल आधीच सांडून गेलं, तर गाडी जागेवर अडकते. निघालेल्या तेलाचा थेंब दोन बोटांत चोळून उन्हात धरा. करडा मऊ लेप म्हणजे नेहमीची झीज. सोनेरी चकाकी म्हणजे सिंक्रोचं पितळ. बोटाला टोचणारे पोलादी कण असतील तर गाडी चालवू नका, दातांचे तुकडे आत फिरत आहेत. नवीन तेल जीएल-4 दर्जाचंच घ्या, कारण जीएल-5 मधल्या गंधकाच्या मिश्रणांनी काही तेलांत पितळी रिंगा खराब होतात. गाडी सपाट उभी ठेवून लेव्हलच्या छिद्रातून तेल ओघळायला लागेपर्यंत भरा आणि ओघळणं थांबलं की बोल्ट लावा.