परत केलेल्या गाडीवरचा कर : ब्रिटनमधील चुकीचा टॅक्स कोड दुरुस्त करून घेतानाचा माझा अनुभव

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी मी कंपनीची गाडी परत केली. लेस्टरजवळच्या एका कंपनीत मी सर्व्हिस इंजिनिअर होते आणि सतत ग्राहकांकडे जावे लागत असल्यामुळे, खासगी वापराच्या मुभेसह, मला पेट्रोलवर चालणारी गाडी मिळाली होती. पुढे माझे काम कार्यालयातले झाले आणि गाडीची गरज उरली नाही. गाडी न्यायला आलेल्या माणसाने चारही बाजूंनी पाहणी केली, डाव्या दारावरचा ओरखडा कागदावरच्या आकृतीत फुली मारून दाखवला, मैलांचा आकडा आणि तारीख लिहिली आणि आम्ही दोघांनी सह्या केल्या. ओरखड्यावरून नंतर वाद होऊ नये, एवढ्याचसाठी मी त्या कागदाचा फोटो काढून ठेवला.

त्यानंतर आठ महिने मला काहीच खटकले नाही. हातात येणारा पगार पूर्वीइतकाच होता, त्यामुळे सगळे सुरळीत आहे असे मी धरून चालले होते. वास्तविक गाडी गेल्यावर तो वाढायला हवा होता. भारतात असताना दर वर्षी विवरणपत्र भरण्याच्या निमित्ताने फॉर्म १६ (कंपनीने दिलेला पगार आणि करकपातीचा दाखला) आणि २६ एएस (कापलेल्या कराची सरकारी नोंद) शेजारी ठेवून ताडून पाहिले जात असे. ब्रिटनमध्ये बहुतेक पगारदारांना विवरणपत्र भरावेच लागत नाही. कर पगारातूनच कापला जातो आणि किती कापायचा हे टॅक्स कोड ठरवतो, त्यामुळे ताडून पाहण्याचा तो वार्षिक प्रसंगच आयुष्यातून निघून जातो.

येथे करमुक्त उत्पन्नाची मर्यादा १२,५७० पौंड आहे. त्यातला शेवटचा अंक गाळला की १२५७एल हा सर्वसाधारण कोड होतो. कंपनी गाडी किंवा आरोग्य विमा देत असेल, तर त्या सोयीचे करपात्र मूल्य या मर्यादेतून वजा होते. माझ्या गाडीची यादीतील किंमत २७,००० पौंड होती आणि तिच्या कार्बन उत्सर्जनानुसार लागू होणारा दर ३० टक्के होता. म्हणजे वर्षाचे करपात्र मूल्य ८,१०० पौंड झाले. त्यात आरोग्य विम्याचे ९०० मिळवून एकूण ९,००० वजा झाले आणि माझा कोड ३५७एल राहिला. गाडी असेपर्यंत, निदान गाडीपुरता, तो बरोबर होता.

जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात कंपनीकडून पी११डीची प्रत आली. ६ एप्रिलपासून पुढच्या ५ एप्रिलपर्यंतच्या करवर्षात कर्मचाऱ्याला कोणत्या सोयी दिल्या, हे मालकाने या विवरणात कर खात्याला ६ जुलैच्या आत कळवायचे असते. गाडीच्या रकान्यात ती केव्हापासून केव्हापर्यंत उपलब्ध होती हे लिहिण्याच्या दोन चौकटी असतात. माझ्या प्रतीत ‘पर्यंत’ची चौकट कोरी होती आणि खाली पूर्ण वर्षाचे ८,१०० पौंड छापलेले होते.

त्या संध्याकाळी मी मागच्या वर्षभराच्या पगारपत्रिका काढून बसले, तेव्हा दुसरी चूक सापडली. एप्रिल २०२३ पासून कंपनीने आरोग्य विम्यावरचा कर थेट पगारातून कापायला सुरुवात केली होती. प्रत्येक पगारपत्रिकेत ७५ पौंडांची एक ओळ करपात्र रकमेत मिळवलेली दिसत होती. ही माहिती कर खात्यापर्यंत मात्र पोहोचली नव्हती, त्यामुळे तेच ९०० पौंड माझ्या कोडमधूनही वजा होत होते आणि वर्षअखेरीस पी११डीमध्येही पुन्हा दाखवले गेले होते. एकाच विम्यावर दोनदा कर भरला जात होता.

मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले ते पुढच्या गोष्टीने. करवर्ष संपल्यावर कर खाते मालकाच्या विवरणांवरून हिशोब ताडून पाहते आणि जास्त कर गेला असेल, तर पी८०० नावाचे पत्र पाठवते. माझ्या बाबतीत कोड आणि पी११डी या दोन्हींत चुकीचा आकडा एकच होता, त्यामुळे हिशोब तंतोतंत जुळत होता. मी गप्प बसले असते, तर मला कोणाचेही पत्र आले नसते.

मी आधी वेतन विभागाला ई-मेल लिहून टॅक्स कोड चुकीचा असल्याचे कळवले. कोड कर खाते ठरवते, तेव्हा त्यांच्याशीच बोला, असे उत्तर आले. ते उत्तर शब्दशः खरे होते आणि म्हणूनच मनाला लागले. कारण खाते जो कोड ठरवते, तो कंपनीनेच कळवलेल्या माहितीवर ठरतो. जुलैच्या मध्यास मी कर खात्याला फोन केला. बराच वेळ थांबल्यावर जी अधिकारी बोलली, तिने दोन करवर्षे वेगवेगळी करून समजावले आणि तिथून माझ्या मनातला गोंधळ सुटला. चालू वर्षाचा कोड म्हणजे एक अंदाज असतो; गाडी परत केल्याची तारीख मी सांगितली की तो गाडीपुरता लगेच बदलता येत होता. संपलेल्या वर्षाचा पी११डी हे मात्र मालकाचे विवरण असल्यामुळे ते मालकानेच ऑनलाइन दुरुस्त करून पुन्हा सादर करायचे असते. विम्याचा कर पगारातून कापला जात असल्याची खात्रीही कंपनीकडूनच यायला हवी होती. गाडी परत केल्याचे मी स्वतःच कर खात्याच्या संकेतस्थळावर माझ्या वैयक्तिक नोंदीत तेव्हाच नोंदवू शकले असते, हेही मला तिच्याकडूनच कळले.

ऑगस्टच्या पगारपत्रिकेत कोड ११६७एल झाला आणि एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत जास्त कापलेले सुमारे ५४० पौंड त्याच पगारात परत आले.

मागच्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी मी वेतन विभागाला दुसरे पत्र लिहिले आणि त्यात ‘टॅक्स कोड’ हा शब्दच येऊ दिला नाही. कर्मचाऱ्याकडून गाडी परत घेतल्याचे कळवणारा पी४६ (कार) हा फॉर्म त्या तिमाहीसाठी २ फेब्रुवारी २०२४ पर्यंत जायला हवा होता, तो गेलेला नाही. पी११डीमध्ये उपलब्धतेची अखेरची तारीख लिहिलेली नाही. आणि पगारातून कर कापलेला विमा त्यात पुन्हा दाखवला आहे, अशी तीनच वाक्ये लिहिली. सोबत त्या सहीच्या कागदाचा फोटो, विम्याची ओळ दाखवणाऱ्या पगारपत्रिका आणि हिशोब जोडला. ३६६ दिवसांपैकी २०९ दिवस गाडी माझ्याकडे होती, म्हणजे करपात्र मूल्य ४,६२५ पौंड. विमा धरून ४,३७५ पौंड जास्त दाखवले गेले आणि २० टक्क्यांप्रमाणे माझे ८७५ पौंड अधिक गेले.

शेवटी आणखी एक हिशोब जोडला. या सोयींवर मालकालाही १३.८ टक्के दराने राष्ट्रीय विम्याचा (नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सरकारी सामाजिक सुरक्षेचा) हप्ता भरावा लागत असे. गाडीचे मूल्य ३,४७५ पौंडांनी फुगल्यामुळे कंपनीनेही सुमारे ४८० पौंड जास्त भरले होते. या एका आकड्यामुळे काम हलले, असे माझे मत आहे. दोन दिवसांत वेतन विभागातील बाईंचा फोन आला आणि त्यांनी मनापासून दिलगिरी व्यक्त केली. गाड्यांची नोंद वाहन विभागाकडे आणि पगाराची त्यांच्याकडे असल्यामुळे गाडी परत गेल्याची तारीख त्यांच्यापर्यंत आलीच नव्हती.

सप्टेंबरमध्ये दुरुस्त पी११डी गेला. ऑक्टोबरमध्ये कोड १२५७एल झाला आणि विम्यापोटी सहा महिन्यांचे ९० पौंड परत आले. त्यानंतर २०२३-२४ चा नवा हिशोब असलेले पी८०० आले. त्यावरचा ८७५ पौंडांचा परतावा मी ऑनलाइन मागितला आणि नोव्हेंबरमध्ये तो बँकेत जमा झाला. सरकारने एप्रिल २०२७ पासून बहुतेक सोयींवरचा कर थेट पगारातून कापणे सर्व कंपन्यांना बंधनकारक करायचे ठरवले आहे. ज्यांच्या कंपनीत हा बदल होईल, त्यांनी पहिल्या महिन्याच्या पगारपत्रिकेत सोयीची ओळ आली का आणि त्याच वेळी कोडमधून ती रक्कम गेली का, या दोन्ही गोष्टी आवर्जून पाहाव्यात.

माझ्या पत्रानंतर वेतन विभागाने परत आलेल्या सर्व गाड्यांची यादी तपासली, तेव्हा आणखी दोघांचे विवरण असेच चुकलेले निघाले. त्यांतला एक जण मधल्या काळात नोकरी सोडून गेला होता. त्याला मी स्वतः फोन करून सांगितले की जास्त गेलेला कर करवर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत मागता येतो, म्हणजे २०२३-२४ साठी त्याच्या हातात ५ एप्रिल २०२८ पर्यंत वेळ आहे, आणि गाडी परत देताना सही केलेला कागद त्याने आधी शोधावा.