कोटाच्या पाठीवरची फुली

आज दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात मावसभावाचं लग्न. मे महिना, डोक्यावर विदर्भाचं ऊन, आणि मी अंगात कोट चढवलेला. हौस, दुसरं काय!

पंगतीत बसणार तोच गावच्या शिंपीकाकांनी मागून हात धरला. "काऊन रे बापू, हा दोरा तसाच ठेवला काय?"

कोटाच्या मागच्या कटावर पांढऱ्या दोऱ्याची फुली असते ना, तीच. ने-आण करताना कापड विस्कटू नये म्हणून घातलेला कच्चा टाका. अंगात घालण्याआधी उसवायचा असतो. मी तीन लग्नं मिरवली त्यात! मला ते डिझाईन वाटायचं.

काकांनी खिशातल्या ब्लेडनं टाका काढला. मग माझं खालचं बटनही सोडलं. "हे उघडंच ठेवतेत. आन घरी गेल्यावर घामाचा कोट तसाच कपाटात कोंबू नोको, कसर लागते. इस्त्री करशीन त वरून ओलसर सुती फडकं टाक. नाई त चमक येते, मंग जात नाई."

कसरीचं खरंच आहे. कसर म्हणजे कपड्यांना लागणारी कीड. तिचा पतंग लोकर खात नाही, त्याची अळी खाते, आणि घामाचे, वरणाचे डाग तिला जास्त आवडतात. माझ्या बाहीवर आज दोन्ही आहेत.

सध्या कोट ओसरीत जाड हँगरवर वाऱ्याला लटकतोय. आजी अंधारात दोनदा विचारून गेली, "कोन उभं हाय तिथं?"