माझा अनुभव: घराखालच्या गॅसची लीज करताना

आम्ही पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गच्या दक्षिणेला वॉशिंग्टन काउंटीत राहतो. मार्सेलस शेल या जमिनीखाली खोल असलेल्या खडकाच्या थरातला पहिला यशस्वी गॅस याच काउंटीत २००४ च्या सुमारास निघाला, पण २०१९ ला घर घेतलं तेव्हा आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. घरामागे ११ एकर, बहुतेक उतार आणि झाडी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका शनिवारी सकाळी लँडमन आला, म्हणजे गॅस कंपनीसाठी लोकांकडून जमिनीखालच्या हक्कांचे करार करून घेणारा माणूस. चांगला बोलत होता, चहा घेतला आणि चौदा पानांची लीज टेबलावर ठेवून म्हणाला, गॅसचा भाव पडलाय, रिग, म्हणजे विहिरी खोदणारी यंत्रं, कमी होत चालल्यात, कंपनी इकडचं काम गुंडाळेल, दोन आठवड्यांत सही केली तरच हा रेट मिळेल. खरं सांगतो, मी पेन शोधायला उठलो होतो. बायको म्हणाली थांब, आबांच्या जमिनीचं काय झालं आठवतंय ना. तिच्या वडिलांनी कॅनॉलच्या वेळी न वाचता अंगठा दिला होता, आणि त्याचं दुःख त्या घराने वीस वर्षं काढलंय.

मग मी रोज रात्री मुलं झोपली की हेच वाचत बसायचो. भाव पडलाय हे खोटं नव्हतं, हेन्री हबचा, म्हणजे अमेरिकेत गॅससाठी प्रमाण धरला जाणारा, भाव २०२२ च्या ऑगस्टमध्ये ९ डॉलरच्या वर गेला होता आणि आता २ च्या खाली आला होता, मार्चमध्ये तर ईक्यूटी या मोठ्या गॅस कंपनीने रोजचं साधारण १ अब्ज घनफूट उत्पादन कमी करतोय असं जाहीर केलं. रिगचंही तेच, बेकर ह्यूजेसचा रिग काउंट दर शुक्रवारी येतो, त्यात २०११ ला पेनसिल्व्हेनियात शंभराच्या वर रिग होत्या आणि आता विशीच्या आसपास. एवढंच बघितलं असतं तर मीही म्हणलो असतो की संपलं सगळं.

पण त्याच्या शेजारी उत्पादनाचा तक्ता ठेवला आणि डोळे उघडले. २०१० ते २०२० मध्ये या राज्याचा गॅस दहा पटीपेक्षा जास्त वाढलाय, रिग कमी होत असताना! कारण एका पॅडवर, म्हणजे खोदण्यासाठी सपाट केलेल्या एका जागेवर, आता पाच, आठ, कधी त्याहून जास्त विहिरी, रिग तिथल्या तिथे सरकते, आणि खाली गेल्यावर आडवी जाणारी लाईन, ज्याला लॅटरल म्हणतात, ती पूर्वी तीन-चार हजार फूट असायची ती आता सर्रास दहा हजार फुटांच्या पुढे जाते. म्हणजे रिग मोजून काही कळत नाही, परमिट बघायचं, मग स्पड म्हणजे खोदायला सुरुवात झाली ती तारीख, मग फ्रॅकिंग, म्हणजे दाबाने पाणी सोडून खडक फोडणं, होऊन गॅस कधी लागला ते. हे सगळं राज्याच्या पर्यावरण खात्याकडे, डीईपीकडे, नोंदलेलं असतं आणि कुणालाही बघता येतं. आमच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे काउंटीतल्या आमच्या छोट्या भागात, परमिट थांबलेली नव्हती.

पुढचा टप्पा वकील. आपल्याकडे जमिनीखालचं तेल-गॅस सरकारचं, इथे जमीनमालकाचं, पण पूर्वीच्या कुणी ते वेगळं विकून टाकलेलं असू शकतं. आमच्या भागात कोळसा शंभर वर्षांपूर्वीच विकला गेलाय, आणि गॅसही त्यातच गेलाय का याची मला धास्ती होती. काउंटीच्या कोर्टहाऊसमध्ये जाऊन जुनी डीड बुक, म्हणजे खरेदीखतांच्या नोंदवह्या, काढली, दोन हातांनी उचलावी लागतात अशी, आत तिरक्या शाईच्या अक्षरात १९०८ चा व्यवहार. सातबाऱ्यावरचे जुने फेरफार वाचल्यासारखंच वाटत होतं. वकीलबाईंनी बोट ठेवून एकेक शब्द वाचला आणि म्हणाल्या, फक्त कोळसा दिलाय, गॅस तुमचाच.

मग त्यांनी शेजारच्या पॅडच्या परमिटसोबतचा प्लॅट, म्हणजे विहिरी कुठून कुठे जातात त्याचा नकाशा, मागवला. तो कागद मी विसरणार नाही. दोन मैलांवरच्या पॅडवरून पाच सरळ रेघा आमच्या दिशेने आलेल्या आणि पाचही आमच्या कुंपणाशी येऊन थांबलेल्या, पलीकडच्या शेतांची लीज आधीच झालेली. इथल्या कायद्यात मार्सेलससाठी सक्तीने सामील करून घेणं नाही, आपली सही नसेल तर आपल्याखालून जाता येत नाही. म्हणजे जो माणूस आम्हाला कंपनी निघून चाललीय सांगत होता त्याच्या कंपनीला नेमका आमचाच तुकडा हवा होता. राग आला, अजून येतो, कारण पलीकडच्या आजींनी तेच ऐकून पहिल्याच दिवशी सही केली होती.

घासाघीस सहा महिने चालली. कायद्याने रॉयल्टी, म्हणजे गॅसच्या पैशातला मालकाचा वाटा, किमान साडेबारा टक्के, पण राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या निकालाने त्यातून गॅस पाईपलाईनपर्यंत नेण्याचा, दाब वाढवण्याचा खर्च कापता येतो, आणि लोकांच्या हातात चेक येतो तेव्हा कधीकधी निम्मा झालेला असतो. म्हणून आम्ही १५ टक्के आणि कपात शून्य यावर अडून बसलो. मुदत पाच वर्षं, आपोआप वाढ नाही. कंपनीने आमच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही. फक्त मार्सेलस, खालचा युटिका थर आमच्याकडेच. आणि पाणी. आमचं पाणी बोअरचं आहे, आणि पाणी बिघडलं तर कंपनीच जबाबदार असं कायदा गृहीत धरतो ते गॅसच्या विहिरीपासून २,५०० फुटांच्या आत, आम्ही त्याच्या बाहेर, म्हणून खोदायच्या आधी आणि नंतर कंपनीच्या खर्चाने लॅब टेस्ट हे लीजमध्येच लिहून घेतलं. पैशापेक्षा या कलमासाठी मी जास्त भांडलो, माझी पोरं ते पाणी पितात.

मधे शृंगारतळीहून मामांचा फोन आला, अरे तुमचा गॅस आमच्या दाभोळला येतो म्हणे? म्हणलं मामा, गेल या आपल्या सरकारी गॅस कंपनीच्या दीर्घ मुदतीच्या करारातलं अमेरिकेतलं पहिलं जहाज दाभोळला मार्च २०१८ मध्ये आलं ते लुइझियानाचं, पण मेरीलँडच्या कोव्ह पॉइंटला, जिथे गॅस द्रवरूप करून जहाजात भरतात, मार्सेलसचा गॅस जातो आणि तिथे गेलचा वर्षाला २३ लाख टनांचा करार आहे. मामा म्हणाले म्हणजे येतच असेल की थोडा.

ऑक्टोबरमध्ये सही केली. परमिट आता सुधारून आलंय, नव्या प्लॅटवर पाचही रेघा आमच्याखालून पलीकडे गेल्यात, स्पड अजून नाही. पाण्याची पहिली टेस्ट झाली, मिथेन किती, क्लोराइड किती ते सगळं लिहिलेला रिपोर्ट फ्रिजवर लावलाय, आणि आजींच्या लीजची मुदत पुढच्या वर्षी संपतेय तर त्यांचे कागद घेऊन वकीलबाईंकडे गुरुवारी जायचंय.