‘ने’ लागतो तिथे

नवी बॅच सुरू व्हायच्या आठवड्यात एक फोन हमखास येतो. "फ्रेंचचं व्याकरण लहान मुलांना पटकन येतं ना हो? मग मी या वयात शिकून काही उपयोग आहे का?" कोथरूडला घरीच शिकवते, वीसेक वर्षं झाली. फोनवर "या तर खरं" म्हणून वेळ मारून नेते. पण तुम्ही परत परत विचारलंत म्हणून सांगते.

पटकन येतं ते मोठ्यांनाच. क्रियापदांचा तक्ता दिला की मोठा माणूस चार दिवसांत घोटून येतो. आठ वर्षांचं पोर त्याच कागदाचं विमान करतं. मुलांचं व्याकरण कानातून आत शिरतं. त्याला वेळ लागतो, आणि वाटेत गमती होतात.

वडिलांच्या नोकरीमुळे तीन वर्षं फ्रान्समधल्या ल्योंला राहून आलेली एक मुलगी माझ्याकडे यायची. अस्वलाला फ्रेंचमध्ये ‘उर्स’ म्हणतात. ‘एक अस्वल’ म्हणताना मधला न जोडून ‘अँ नुर्स’ होतं, ‘अस्वलं’ म्हणताना ‘ले झुर्स’, ‘छोटं अस्वल’ म्हणताना ‘पती तुर्स’. बालवाडीत असताना ती म्हणे बिनधास्त ‘ल नुर्स’ म्हणायची. फ्रान्समधली मुलंही हेच करतात. शब्द कुठे तुटतो हे कान कसं सांगणार? ‘घेतलं’साठी ‘जे प्री’ म्हणायचं तिथे ती ‘जे प्रांद्यू’ म्हणे. आपली मुलं ‘मी केलं’ऐवजी ‘मी करलं’ म्हणतात ना, अगदी तसंच. ही चूक म्हणजे पोराला नियम सापडल्याची खूण. मी ती लगेच सुधारत नाही.

शब्दांच्या लिंगाचंही तसंच. मुलांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ यांनी फ्रेंच मुलांना बनवलेले, अर्थ नसलेले शब्द देऊन पाहिलं होतं. 1979 च्या त्यांच्या पुस्तकात ते आहे. लहान मुलं शब्दाच्या शेपटीवरून पुल्लिंग-स्त्रीलिंग ठरवत होती. चित्रात बाई असली तरी शेपूट पुरुषी वाटली की शब्द पुल्लिंगी. हा नियम त्यांना कुणी शिकवलेला नव्हता.

मग नुसतं ऐकवत राहिलं की झालं? इथे कॅनडाची गोष्ट सांगते. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट-लॅम्बर्टमध्ये 1965 साली इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी मुलांसाठी पूर्ण फ्रेंच वर्ग सुरू करून घेतले. मुलांना ऐकलेलं, वाचलेलं सगळं झकास कळायला लागलं. पण अशा वर्गांत वर्षानुवर्षं शिकूनही बोलताना लिंग आणि काळ यांत ती अडखळत. कॅनडातल्या भाषा-संशोधक मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये मांडलं की कानावर पडणं पुरत नाही, तोंडातून काढायला लागलं पाहिजे. त्यामुळे ‘कार्टून फ्रेंचमध्ये लावून देतो, येईल हळूहळू’ म्हणणाऱ्या पालकांना मी चहा देते आणि विषय बदलते. अकरावी-बारावीत मार्कांसाठी फ्रेंच घेणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं; त्यांना पेपर येतो.

मोठ्यांची खरी अडचण वय नव्हेच. ते इंग्रजीच्या दारातून आत येतात, ही अडचण. बँकेतून निवृत्त झालेले एक काका फ्रेंचमधल्या भूतकाळाशी झगडत होते. काही क्रियापदांना मदतीला ‘एत्र’ हे क्रियापद लागतं, बाकीच्यांना ‘आव्वार’, म्हणजे ‘असणे’ की ‘जवळ असणे’. त्यांनी यादी पाठ केली होती आणि बोलताना ती नेमकी विसरायचे. म्हटलं, काका, मराठीत सांगा. "ती गेली, ती आली, ती पडली." आणि? "तिने पत्र वाचलं, तिने आंबा खाल्ला." कर्त्याला ‘ने’ लागला की ‘आव्वार’, नाही तर ‘एत्र’. आणि ‘ती गेली’मध्ये क्रियापद जसं ‘ती’च्या लिंगामागे जातं, तसंच ‘एल ए पार्ती’च्या (म्हणजे ‘ती गेली’च्या) लेखनात शेवटी एक जास्तीचं ‘e’ येतं. काका पाच मिनिटं गप्प बसले. इंग्रजीत यातलं काही नाहीच, मग दिसणार कुठून?

पुढची गंमत तर मराठी माणसाला फुकटात मिळते. ‘मी निबंध लिहिला, मी चिठ्ठी लिहिली’ म्हणजे क्रियापद कर्माच्या लिंगामागे. फ्रेंचमध्ये कर्म आधी आलं तरच हे होतं: ‘जे एक्री ला लेत्र’ (मी चिठ्ठी लिहिली), पण ‘ला लेत्र क जे एक्रीत’ (मी लिहिलेली चिठ्ठी). तो शेवटचा त बोलताना खुद्द फ्रेंच लोकही पुष्कळदा गाळतात. काका मात्र गाळत नाहीत.

आपली भाषा सगळीकडे मदत करत नाही, हेही सांगते. उपपद, म्हणजे इंग्रजीतल्या ‘अ’, ‘द’सारखा शब्द, मराठीत नाहीच, त्यामुळे ‘मी पाव खातो’चं ‘ज मांज पँ’ होतं आणि मधलं ‘द्यू’ वर्षभर हरवलेलं असतं.

दुसऱ्याच आठवड्यात काका दारातूनच म्हणाले, "मॅडम, तुमचा नियम अर्धाच आहे. ‘तो धावला’, ‘ने’ कुठाय? आणि तिथे तर ‘आव्वार’ लागतं. शिवाय ‘तिने हात धुतले’ला ‘ने’ आहे, पण तिथे ‘एत्र’!" दोन्ही बरोबर. वहीत त्यांनी ‘अपवाद’ असं नवं पान केलं होतं आणि खाली बरीच जागा सोडली होती.