होबोकनची पाथ सुरू झाली!

आज, १९ डिसेंबर २०१२. सँडी वादळानंतर सात आठवड्यांनी न्यू जर्सीतल्या होबोकनहून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनला पाथने, म्हणजे हडसन नदीखालच्या बोगद्यातून जाणाऱ्या लोकल ट्रेनने गेले. सकाळी जिना उतरताना छातीत धडधडत होतं. ऑक्टोबरअखेर हडसनचं पाणी लिफ्टच्या दारातून याच स्टेशनात घुसलं होतं. तो फोटो तुम्हीही पाहिला असेल.

पाणी उपसलं की गाडी सुटेल असं मला वाटायचं. पण ते खारं पाणी. उपसल्यावरही सिग्नलच्या केबल, रिले, स्विच यांना मीठ खातच राहतं. कितीतरी जुने भाग, त्यांचे सुटे भाग बाजारात मिळायचेही नाहीत. आम्ही वर फेरीबोटीच्या रांगेत थंडीने कुडकुडत होतो, तेव्हा खाली बोगद्यात माणसं रात्रंदिवस तारा बदलत होती. थँक्सगिव्हिंगच्या सणालासुद्धा असतील कुणीतरी.

फलाटावर नारिंगी जॅकेट घातलेला एक कामगार उभा होता. थँक यू म्हटलं आणि पुढे शब्दच फुटेना. त्याने नुसती मान डोलावली.

थर्टी-थर्ड स्ट्रीटला वर आल्याआल्या डोंबिवलीला आईला फोन केला. २००५च्या २६ जुलैच्या पुरात ती रुळांवरून चालत घरी आली होती. तिने एकच विचारलं, "गाडी सुरू झाली ना गं?"

झाली, आई.